इतवारीतले कारळे आणि बुरशीचं काळं

मागच्या महिन्यात नागपूरच्या इतवारीत कारळे आणायला गेले होते, अर्धा किलो. दुकानदार म्हणाला, "रामतीळ ना ताई? चटणीले पायजे का?" मी हो म्हटलं आणि मोकळी झाले, खरं सांगितलं असतं तर त्याने बहुतेक दिलेच नसते. मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथे एका पेशंटच्या मणक्यातल्या पाण्यात गोल गोल यीस्ट, म्हणजे एका पेशीची बुरशी, दिसलं होतं, तयार मीडियाची, म्हणजे बुरशी वाढवायच्या खाद्याची, बाटली संपलेली, नवीन यायला आठवडा लागणार, आणि सर म्हणाले की जुन्या पद्धतीने करून टाक. जुनी पद्धत म्हणजे कारळे मिक्सरमधून काढायचे, पाण्यात उकळायचे, मलमलच्या फडक्यातून गाळायचे, त्या पाण्यात अगार (जेलीसारखं घट्ट करायला) आणि थोडं ग्लुकोज घालून ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे कुकरसारख्या दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचं, बॅक्टेरिया वाढू नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल टाकायचं आणि प्लेटा ओतायच्या. ऑटोक्लेव्ह उघडला तेव्हा अख्ख्या लॅबमध्ये आमच्या स्वयंपाकघरासारखा वास सुटला होता, रिसेप्शनवरची पोरगी येऊन विचारून गेली की डबा कोणाचा आहे म्हणून.

आता हे कारळे कशाला? तर ते यीस्ट क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आहे की कॅन्डिडा, हे ओळखायचं होतं. साध्या मीडियावर दोघंही पांढरट मलईसारखे दिसतात. कारळ्याच्या प्लेटवर मात्र कॅन्डिडा पांढरीच राहते आणि क्रिप्टोकॉकस हळूहळू तपकिरी होत जातं, चहात बिस्कीट बुडवल्यावर होतं तसा रंग, आणि मग चांगलं गडद चॉकलेटी. १९६२ साली स्टाइब नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. तिकडे कारळे माणसं खात नाहीत, पिंजऱ्यातल्या पाखरांना घालतात, म्हणून या मीडियाला बर्डसीड अगार पण म्हणतात. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे आम्ही पाखरं का बाप्पा?"

लॅबला लागल्यावर पहिल्याच वर्षी याच प्लेटवर मी माती खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट काढली, सगळं पांढरं, मी रजिस्टरमध्ये 'रंग नाही' लिहिलं आणि प्लेट टाकायच्या ट्रेमध्ये ठेवली. सरांनी ती उचलून परत इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि फक्त म्हणाले, घाई कोणाला आहे, तुला का बुरशीला. चौथ्या दिवशी ती प्लेट भाजलेल्या पापडासारखी झाली होती. रंग यायला वेळ लागतो कारण तो रंग बुरशीच्या पोटात तयार नसतो, तिला तो बनवावा लागतो, आणि इथेच सगळी मजा आहे.

कारळ्यात कॅफेइक ॲसिड असतं. नाव ऐकून कॉफी आठवते पण त्याचा कॅफिनशी संबंध नाही. क्रिप्टोकॉकसकडे लॅकेझ नावाचं एन्झाइम असतं, ते या कॅफेइक ॲसिडसारख्या पदार्थांना जोडत जोडत मेलॅनिन बनवतं आणि पेशीच्या भिंतीत नेऊन बसवतं. मेलॅनिन म्हणजे तेच, जे आपल्या केसांत आणि कातडीत असतं, निदान त्याच खानदानातलं. आपली पेशी मेलॅनिन बनवायचा कच्चा माल घरातच तयार करते, या बुरशीला ते जमत नाही, तिला माल बाहेरून आणावा लागतो. प्लेटवर तो कारळ्यातून मिळतो. मग माणसाच्या शरीरात कुठून मिळत असेल?

डोपामिन. डोपामिन, नॉरॲड्रिनॅलिन ही आपल्या मेंदूतली निरोप्याचं काम करणारी रसायनं, एल-डोपा म्हणजे ज्यापासून ती बनतात ते, आणि ही सगळी लॅकेझला कारळ्याइतकीच आवडतात. क्रिप्टोकॉकस फुफ्फुसातून आत शिरतं पण जीव घेतं ते मेंदूत जाऊन, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) करून, विशेष करून ज्यांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने किंवा औषधांनी खचलेली आहे त्यांच्यात. मेंदूत हा माल भरपूर आहे म्हणूनच ती तिकडे ओढली जाते असं काही शास्त्रज्ञ मानतात. मला स्वतःला ते जरा सोपं करून सांगितल्यासारखं वाटतं, मेंदूत जायला तिच्याकडे बाकीच्या पण खूप युक्त्या आहेत. पण तिथे पोचल्यावर ती आपल्याच मेंदूचं सामान वापरून स्वतःसाठी चिलखत शिवते, हे वाचलं त्या दिवशी माझा दुपारचा डबा तसाच राहिला होता. पुस्तकात शिकताना हे सगळं 'व्हिरुलन्स फॅक्टर : मेलॅनिन' अशा एका ओळीत उरकलं होतं, पाच मार्कांचा प्रश्न.

चिलखत म्हणते ते उगीच नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि मग त्याच्यावर जे सोडतात त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि हायपोक्लोरस ॲसिड असतं, म्हणजे नगरपालिकेवाले विहिरीत ब्लीचिंग टाकतात ना, त्याच जातीचं. शरीर स्वतःच्या आत ब्लीच बनवून जंतूंवर ओततं. मेलॅनिन हे सगळं शोषून घेतं, स्वतः मार खातं आणि आतल्या पेशीला लागू देत नाही. १९८२ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी रंग न बनवू शकणारे क्रिप्टोकॉकस उंदरांना टोचून बघितले, आणि ते अल्बिनो जंतू रंगवाल्यांपेक्षा बरेच मवाळ निघाले. नंतर १९९६ मध्ये नेमकं ते लॅकेझचं जीन काढून बघितलं, तरी तेच.

आणि हे चिलखत किती चिवट, तर रंगलेल्या पेशी घेऊन त्यांची भिंत आधी एन्झाइमने खाऊ घातली, प्रोटीन विरघळवली, चरबी काढली आणि शेवटी कडक हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उकळल्या, तरी मेलॅनिनचं पोकळ कवच तसंच्या तसं गोल उरतं. आत काही नाही, नुसता काळा फुगा. शास्त्रज्ञ त्याला मेलॅनिन घोस्ट म्हणतात, म्हणजे भूतच. मायक्रोस्कोपखालचे त्यांचे फोटो बघितले तर खरंच भीती वाटते हो, मेलेलं भूत मरत नाही म्हणतात तसं.

औषधांचं पण तेच. ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं मोठं औषध, ते या मेलॅनिनला चिकटून बसतं आणि आत जायचं तेवढं जात नाही. कॅस्पोफंजिनचं पण तसंच आहे, फ्लुकोनाझोलवर मात्र हा परिणाम दिसत नाही. यात आमच्या लॅबवाल्यांसाठी एक खोच आहे. कोणतं औषध चालेल हे बघायला आम्ही जी सेन्सिटिव्हिटी टेस्ट लावतो ती साध्या मीडियात लावतो, तिथे कच्चा माल नाही म्हणजे बुरशी बिनरंगाची, उघडी. रिपोर्टवर औषध छान चालतंय असं दिसतं आणि पेशंटच्या डोक्यात बसलेली बुरशी चिलखत घालून बसलेली असते. यावर मी सरांना विचारलं तर म्हणाले, "रिपोर्टच्या खाली हे सगळं लिहिशील तर डॉक्टर आपल्याकडे सॅम्पल पाठवणं बंद करतील." गंमतीत म्हणाले, पण मुद्दा मला पटला नाही.

क्रिप्टोकॉकस येतं कुठून, तर कबुतरांच्या विष्ठेतून. अमेरिकेतल्या चेस्टर एमन्सने १९५५ मध्ये हे दाखवलं. एमएससीच्या प्रोजेक्टला मी महालातल्या एका जुन्या वाड्याच्या माळ्यावरून, दोन मास्क आणि ओढणी बांधून, वाळलेली विष्ठा डब्यांत भरून आणली होती, वाड्याच्या आजी खालून ओरडत होत्या की पोरी खत पायजे तर गाईचं ने ना. काही प्लेटा तपकिरी झाल्या. कबुतराला स्वतःला सहसा काही होत नाही, त्याच्या अंगाचं तापमान ४१-४२ डिग्री असतं आणि तेवढ्या उष्म्यात ही बुरशी धड वाढत नाही. मे महिन्यातलं नागपूर अंगात घेऊन फिरणारा पक्षी म्हणा. आमच्या सोसायटीत गच्चीवर ज्वारी टाकणारे आहेत, त्यांच्याशी माझं दर सहा महिन्यांनी भांडण होतं, तो वेगळा विषय.

आता माझ्या फजितीकडे येते. २०२१ चा मे-जून आठवतो ना सगळ्यांना, नागपुरात म्युकरने, म्हणजे लोक म्हणायचे त्या ब्लॅक फंगसने, काय धुमाकूळ घातला होता ते, लोक ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी रात्र रात्र फोन लावत होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोज नवीन अफवा, कांद्यावरचं काळं म्हणजे ब्लॅक फंगस, फ्रीजच्या रबरावरचं काळं म्हणजे ब्लॅक फंगस. एका संध्याकाळी मी वैतागून हाऽऽ मोठा मेसेज टाकला, की कांद्यावरचं काळं म्हणजे म्युकर नाही, म्युकर काळी नसतेच, ती मूळची पांढरी-राखाडी कापसासारखी असते, ती रक्तवाहिनीत शिरते, रक्त गोठतं, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि आपलं मांस मरून काळं पडतं, ते टाळूवरचं नाकातलं काळं म्हणजे आपलंच मेलेलं मांस, बुरशीचा रंग नाही, खऱ्या काळ्या बुरशा वेगळ्या असतात आणि त्यांच्यात मेलॅनिन असतं. खूप अंगठे आले. माझ्या मेसेजमध्ये कांद्याबद्दलचं बरोबर होतं, मांसाबद्दलचं बरोबर होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, रेल्वेतून रिटायर झालेत, फक्त एक ओळ लिहिली : "पावावरच्या बुरशीला काळे ठिपके असतात ते मग काय?"

मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. पण ते डोक्यात राहिलं, कारण पावावर येणारी ती बुरशी म्हणजे रायझोपसच, म्युकर करणाऱ्यांतली मुख्य, आणि ते काळे ठिपके म्हणजे तिच्या स्पोअरच्या (बुरशीचं बी म्हणा) थैल्या. मग शोधलं तर २०१८ सालचा, म्हणजे कोविडच्या आधीचाच, नेचर कम्युनिकेशन्समधला एक पेपर सापडला, ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या गटाचा. रायझोपसच्या स्पोअरवर मेलॅनिन असतं. फुफ्फुसातली मॅक्रोफेज पेशी स्पोअर गिळते, पण मेलॅनिनमुळे तिला तो पचवता येत नाही, पोटात ठेवून बसते. मग ती काय करते, तर त्याला लोह मिळू देत नाही, उपाशी ठेवते, म्हणजे स्पोअर मरत नाही पण फुटूनही येत नाही. डायबिटीसमध्ये रक्त ॲसिडिक झालं, लोह मोकळं झालं, की हा बंदोबस्त ढिला पडतो. २०२१ मध्ये शुगर सुटलेली आणि स्टिरॉइड चाललेली माणसंच म्युकरने जास्त का गेली याचा एक धागा इथे आहे. काकांना जाऊन सांगितलं की तुमचा प्रश्न बरोबर होता. ते म्हणाले, "मंग मेसेज टाक ना ग्रुपवर." टाकला नाही अजून. हे ब्लॉगवर लिहितेय म्हणजे झालं असं समजा.

याच क्रीटवाल्या गटाने ॲस्परजिलस फ्युमिगेटसवर पण काम केलंय, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं. ही बुरशी निळसर हिरवी. आपल्याकडे एप्रिलमध्ये कूलर खाली उतरवला, वूडवूल बदलायचा कंटाळा केला आणि तसाच चालू केला की पहिले दोन दिवस जो कुबट वास येतो, तेव्हा आपण बुरशीचे स्पोअर नाकात ओढत असतो, कूलर नसला तरी ओढतोच, दिवसाला शेकडो. ॲस्परजिलसचा स्पोअर दोन-तीन मायक्रॉनचा, फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जाईल इतका बारीक. त्याचा तो हिरवा रंग पण मेलॅनिनचाच, आपल्या केसांतल्यापेक्षा वेगळ्या रस्त्याने बनवलेलं, डीएचएन मेलॅनिन म्हणतात त्याला. मला कॉलेजात मेलॅनिन म्हणजे काळं एवढंच माहीत होतं, हिरवं बघून मी कधी दोन आणि दोन जोडलेच नाहीत.

१९९० च्या दशकाच्या शेवटी या रंगाचं जीन बिघडवून शास्त्रज्ञांनी पांढरे स्पोअर बनवले. प्लेटवर हिरव्या वसाहतींत एक पांढरी शुभ्र, मैद्यासारखी. या पांढऱ्या स्पोअरना आपल्या पांढऱ्या पेशी पटापट मारतात, उंदीर पण कमी मरतात. का, तर पेशीने जंतू गिळला की ती त्याच्याभोवती पिशवी करते आणि त्या पिशवीत ॲसिड सोडते, आपल्या पोटासारखं. हिरव्या स्पोअरच्या पिशवीत ॲसिड नीट येतच नाही. क्रीटवाल्यांनी दाखवलं की मेलॅनिन त्या पिशवीतलं कॅल्शियम धरून ठेवतं. पेशीत कॅल्शियम म्हणजे घंटी, ती वाजली तर पुढची माणसं कामाला लागणार, आणि हा पठ्ठ्या घंटीच हातात धरून बसलेला. मारामारी नाही काही नाही, नुसता निरोप पोचू द्यायचा नाही. क्रिप्टोकॉकसचं ब्लीच सोसणारं चिलखत आणि हे, दोन्ही मेलॅनिनच, पण कामाची तऱ्हा किती वेगळी बघा.

पण मग आपण जिवंत कसे, रोज एवढे स्पोअर गिळून? एक तर स्पोअरला वाढायचं असेल तर फुगावं लागतं आणि फुगला की त्याचं ते कवच उतरतं, तेव्हा तो उघडा पडतो आणि धडधाकट माणसाच्या पेशी त्याला तिथेच गाठतात. दुसरं म्हणजे २०१८ मध्येच असं सापडलं की आपल्या पेशींवर या डीएचएन मेलॅनिनलाच ओळखणारा एक रिसेप्टर असतो, मेललेक नावाचा. म्हणजे चोराने तोंड लपवायला बुरखा घातला आणि पोलिसांनी बुरखा बघूनच धरला. या रिसेप्टरचं एक थोडं वेगळं रूप काही लोकांत असतं आणि स्टेम सेल ट्रान्सप्लांटमध्ये दात्याकडून ते आलं तर ॲस्परजिलसचा धोका वाढलेला दिसला. असं काही वाचलं की मला आपल्या शरीराचं कौतुक करावं का बुरशीचं हेच समजत नाही.

थोडं जुन्या काळात जाऊ. शेतात अनवाणी काम करताना काटा घुसतो, वर्षा-दोन वर्षांत पाय सुजत जातो, भोकं पडतात आणि त्यातून दाणे बाहेर येतात, खसखस-मोहरीएवढे, काळे. मदुरा फूट. मदुराईवरून नाव पडलं. या रोगाला मायसेटोमा हे नाव १८६० मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टरने दिलं, तोच कार्टर ज्याने ग्रेज ॲनाटॉमी या शरीररचनेच्या प्रसिद्ध पुस्तकाची चित्रं काढली होती. नंतर तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. त्याने तेव्हाच काळ्या दाण्यांचा आणि फिक्या दाण्यांचा असे दोन प्रकार वेगळे लिहून ठेवले. चित्रकाराची नजर, अजून काय. काळा दाणा म्हणजे मॅड्युरेला नावाच्या बुरशीचा गोळा, मेलॅनिनच्या सिमेंटमध्ये बसवलेला, आणि हे मेलॅनिन इट्राकोनाझोल, किटोकोनाझोल या औषधांना अडवतं हे लॅबमध्ये दिसलंय. महिनोन्‌महिने गोळ्या खाऊन पण पाय का बरा होत नाही आणि शेवटी कापावा का लागतो, याचं निदान एक कारण ते. डब्ल्यूएचओने हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला २०१६ मध्ये, कार्टरनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी.

माणसांचं पुरे, शेताकडे चला, कारण मेलॅनिनचा सगळ्यात भन्नाट किस्सा तिकडे आहे.

काटोलला माझ्या मामाची संत्र्याची बाग आहे. एका वर्षी आंबिया बहाराच्या वेळी गेले तर झाडं अशी काळी, जणू कोणी कोळशाची भुकटी उधळली, पानं काळी, फळं काळी, हात लावला तर बोटं काळी. कोळशी म्हणतात तिकडे. मी शहाणपणाने म्हटलं मामा ही मेलॅनिनवाली बुरशी आहे, भयंकर असते. मामा म्हणाला, "ते तर उपरी आहे, मूळ रोग माशीचा आहे," आणि त्याचंच बरोबर होतं. काळी माशी पानाच्या खालून रस चोखते, वरून चिकट गोड पाणी सोडते, त्या गोडावर कॅप्नोडियम नावाची काळी बुरशी वाढते. ती पानाच्या आत शिरत नाही, बोटाने पुसली तर निघते. सूर्यप्रकाश अडवते म्हणून नुकसान, बाकी काही नाही. उघड्या पानावर उन्हात बसायचं तर काळं असलेलं बरं, आपल्या कातडीसारखंच. एवढं भरपूर मेलॅनिन असून ही बिचारी कोणाच्या घरात शिरत नाही. म्हणजे काळी आहे म्हणून ती घातकच असेल असं नाही, हे मला मामाकडून कळलं, एमएससीतून नाही.

आणि दुसरीकडे लाखनीला, भंडारा जिल्ह्यात, मावशीचं धान. धानावर करपा येतो, पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखाडी आणि कडा तपकिरी, आणि लोंबीच्या मानेवर आला की मग दाणा भरतच नाही. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, मागच्या दिवाळीत माझ्यावरच उखडले होते, जणू करपा मीच आणला, "औषध दोनदा मारलं ना आपन, मंग काहून गेला नाही? डुप्लिकेट असन." डब्याचा फोटो बघितला, ट्रायसायक्लाझोल. मी विचारलं कधी मारलं. ठिपके दिसल्यावर.

आता करप्याची बुरशी पानात कशी शिरते ते ऐका. स्पोअर पानावर पडतो, छोटी नळी काढतो आणि तिच्या टोकाला एक घुमट तयार करतो. घुमटाच्या भिंतीला आतून मेलॅनिनचा थर चढवतो. मग आत ग्लिसरॉल साठवत जातो, खूप, आणि मेलॅनिनचा थर असा की पाणी आत येऊ देतो पण ग्लिसरॉल बाहेर जाऊ देत नाही. लोणच्यातल्या मिठासारखं ते पाणी ओढून घेतं आणि आतला दाब वाढत जातो, ८ मेगापास्कलपर्यंत. म्हणजे साधारण ८० ॲटमॉस्फिअर, कारच्या टायरमधल्या हवेच्या ३५-४० पट, मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही अशा घुमटात. हा सगळा दाब खालच्या एका बारीक खिळ्यावर येतो आणि खिळा पानाची कातडी फोडून आत जातो. दार उघडायची किल्ली वगैरे नाही, सरळ जॅक लावून फोडायचं. मेलॅनिन नसेल तर ग्लिसरॉल गळून जातं, दाब बसत नाही, घुमट नुसता पानावर बसून राहतो.

ट्रायसायक्लाझोल बुरशीला मारतच नाही. ते तिच्या मेलॅनिन बनवायच्या कारखान्यातलं एक एन्झाइम बंद करतं, बस. बुरशी जिवंत असते, वाढते पण, फक्त तिला पान फोडता येत नाही. त्यामुळे हे औषध दार फुटायच्या आधी मारायचं, एकदा ती आत शिरली की तिला त्या घुमटाची गरजच संपली, मग फवारून फारसा उपयोग नाही. ठिपके दिसले म्हणजे आत शिरून बरेच दिवस झाले. काकांना हे मी जेवणाच्या ताटावर बोटाने पाणी घेऊन घुमट काढून समजावलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग हे दुकानदारानं काहून नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डब्यावर असतं लिहिलेलं, मुंगीएवढ्या अक्षरांत, चौदा भाषांत.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला लॅबमध्ये पण कोणी विचारला नव्हता, की धानाच्या बुरशीचं काळं बंद करायचं औषध निघालं तर माणसाच्या बुरशीचं काहून नाही निघालं. बरोबरच आहे ना. ॲस्परजिलसचा मेलॅनिनचा रस्ता आणि करप्याचा रस्ता जवळपास एकच आहे, डीएचएनवाला. लॅबमध्ये ट्रायसायक्लाझोल टाकून बुरशीचा रंग घालवतात, तो प्रयोग जुना आहे. पण दवाखान्यात द्यायचं असं एकही औषध आज नाही जे बुरशीचा रंग बंद करण्यासाठी लिहून देतात. अडचण अशी पण आहे की डॉक्टरकडे माणूस येतो तो ठिपके दिसल्यावरच, आमच्या काकांसारखा. निदान क्रिप्टोकॉकसला तरी आत शिरल्यावरही चिलखत लागतंच, तिथे जमायला हरकत नाही असं मला वाटतं. २००१ मध्ये उंदरांवर असा एक प्रयोग झाला होता, रंग रोखणारं रसायन दिलेले क्रिप्टोकॉकसचे उंदीर जास्त दिवस जगले. आणि ते रसायन कोणतं, तर ग्लायफोसेट. हो, तेच तणनाशक, जे आपल्या विदर्भात कपाशीच्या बांधावर लोक पंपाने मारतात. हे मी काकांना सांगितलं आणि लगेच पस्तावले, त्यांचा चेहरा बघून तीन वेळा बजावलं की हे उंदरांचं आहे, मोजून टोचलेलं, डबा तोंडाजवळ पण नेऊ नका. काकू आतून म्हणाल्या, "तो डबा मी आजच कुलपात टाकतो."

ती मणक्याच्या पाण्याची प्लेट तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कडेने बदामी व्हायला लागली होती, चौथ्या दिवशी पूर्ण तपकिरी. रिपोर्ट गेला. त्याच्या खाली मी सेन्सिटिव्हिटीबद्दल काही लिहिलं नाही, सरांनी सही केली आणि पेशंटच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून दहा मिनिटं बोलले, काय बोलले ते मला माहीत नाही, दार लावून घेतलं होतं. उरलेले दीडपावभर कारळे मी घरी आणले. आईने पाकीट नाकाशी नेलं, मग माझ्याकडे बघितलं, "हे लॅबमधून आले का इतवारीतून?" म्हटलं इतवारीतूनच, पाकीट फक्त लॅबमध्ये जाऊन आलं. तिने ते तसंच माझ्या हातात परत दिलं आणि पायात चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.